पंत घरी जेवत नाहीत

पंत माझ्या टेबलावर बसून एकामागून एक किडे मटकावत होते आणि समोर दातार काकू ओढणीने डोळे पुसत बसलेल्या. रडणं दुःखाचं नव्हतं, अपमानाचं होतं. घरी त्या चिमट्यात किडा धरून पंतांच्या तोंडापुढे तासभर नाचवायच्या आणि पंत मान फिरवायचे. इथे मात्र लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं चाललेलं. दातार काका खिडकीपाशी उभे राहून एका टॉवेलची घडी घालत होते. घडी कधीच घालून झाली होती, तरी ते घालतच होते.

आधी पंत कोण ते सांगते. पंत म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला हा सरडा, शेपटी धरून हातभर लांब, रंगाने मातकट. गळ्याखाली खरखरीत काटेरी कातडी असते. रागावला की ती फुगते आणि काळी पडते, मग दाढी वाढवल्यासारखा दिसतो. रागावतो मात्र क्वचित. स्वभावाने इतका गरीब की खांद्यावर बसवून भाजी आणायला जा, कुरकुर नाही. दातारांच्या मुलीने, मुक्ताने, तो रीतसर नोंदणी करून पाळलेला आणि नाव ठेवलेलं रेक्स. काकूंनी त्याला सोफ्याच्या हातावर अर्धे डोळे मिटून बसलेला बघितला आणि म्हणाल्या, हे रेक्स कसले, हे तर आमच्या गावचे पंत. तेव्हापासून घरात त्यांना सगळे अहो-जाहो करतात. त्या घरात गेलं की आपोआप तसंच तोंडात येतं, मी तरी काय करणार.

मी प्राण्यांची डॉक्टर. राहायला डोंबिवलीत, क्लिनिक ठाण्यात कोलशेतला. क्लिनिक माझं नाही, सरांचं. सर कोलशेतचेच, जुन्या गावातले. आजोबांची मिठागरं होती, वडिलांची शेती होती, आता तिथे टॉवर आहेत. सरांनी उमेदीची वर्षं गावातल्या म्हशी आणि बैल बघण्यात घालवली. टॉवर आले तशी त्यातून कुत्री-मांजरं आली, आणि मग एक दिवस एक बाई इग्वाना नावाचा भलामोठा परदेशी सरडा घेऊन आली. सरांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, हे तुझं डिपार्टमेंट. तेव्हापासून कासव, ससा, परदेशी पोपट, सरडे, जे काही भुंकत नाही आणि म्याव करत नाही ते सगळं माझ्या टेबलावर येतं.

पंत पहिल्यांदा आले ते श्रावणात. काका-काकू डोंबिवलीहून टॅक्सी करून आलेले. काकांच्या हातात थर्माकोलचा डबा, आईस्क्रीमवाले वापरतात तसला. झाकणाला भोकं, एका भोकातून थर्मामीटर बाहेर आलेला. आत टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी आणि तिच्यावर पंत. मी म्हटलं, काका, प्रवासात सरड्याला इतकं नीट आणणारं पहिलंच माणूस बघतेय. काका खूश झाले आणि थर्माकोल उष्णता कशी धरून ठेवतो ते मला सांगायला लागले. ते वीज मंडळातून इंजिनीअर म्हणून रिटायर झालेले. विषय उष्णतेचा किंवा विजेचा निघाला की त्यांना थांबवणं अवघड. काकूंनी त्यांच्या कोपराला हात लावला तेव्हा कुठे ते तक्रारीवर आले.

तक्रार साधी होती. पंत आठवड्याहून जास्त दिवस जेवले नव्हते. पोट साफ नाही, हालचाल नाही, दगडावर पोट टेकून नुसते पडून असतात.

मुक्ता एप्रिलमध्ये नोकरीसाठी बेंगळुरूला गेलेली. तिथल्या पीजीवाल्या बाईने सरड्याचा फोटो बघूनच नकार दिला. मुक्ताचा कल्याणचा एक मित्र होता, त्याच्याकडे असले तीन ड्रॅगन आणि सगळी व्यवस्था. ती पंतांना त्याच्याकडे द्यायला निघालेली. काकांनी अडवलं. घरातला जीव असा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचा नाही, आम्ही आहोत की, म्हणाले. मुक्ता म्हणाली, बाबा, तुम्हाला नाही जमणार. हे वाक्य काकांना लागलेलं. त्यांनी मला ते पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि वर म्हणाले की अर्ध्या शहराचा लोड सांभाळलेल्या माणसाला एक सरडा सांभाळता येऊ नये काय.

आता थोडं धंद्यातलं. सरडा जेवत नाही म्हटलं की आमचा पहिला प्रश्न उबेचा. आपलं शरीर आतून गरम राहतं. सरड्याला ती सोय नाही. त्याला बाहेरून ऊब मिळाली तरच पोट चालतं. नाही मिळाली तर खाल्लेलं तसंच पडून राहतं, आणि सरडा शहाणा असतो, तो खाणंच बंद करतो. म्हणून घरात ठेवलेल्या सरड्याला ऊन विकत आणावं लागतं, तेही दोन तुकड्यांत. एक बल्ब ऊब देतो. दुसरी ट्यूब उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण देते, हाडांसाठी. दोन्ही दिवसभर लागतात, रात्री बंद.

हे सगळं मी काकांना विचारलं. उत्तरं अशी आली की मीच वर्गात बसल्यासारखी झाले. दिवे सकाळी उठल्यापासून संध्याकाळपर्यंत चालू. बल्ब किती वॉटचा, दगडापासून किती उंचीवर, व्होल्टेज किती. लांबून तापमान मोजणारी बंदूक मिळते ना, तीही त्यांच्याकडे. दगडाचं तापमान चाळीस, सावलीच्या बाजूला तीसच्या आत. मोबाईलवर फोटोसुद्धा होते. पुस्तकात छापावं इतकं बरोबर. मग उबेच्या नावापुढे मनातल्या मनात टिक मारली आणि पुढे गेले.

पुढे म्हणजे तोंड उघडून बघितलं. नळीने थोडी शी काढून तपासली, जंत नव्हते. एक्स-रे काढला, वाळू-बिळू गिळून आत अडकली असेल तर दिसावी म्हणून. काही नाही. थंड हवेत हे प्राणी महिना-महिना झोपतात, तेव्हाही जेवत नाहीत. पण ऑगस्टच्या डोंबिवलीत शीतनिद्रा कोण घेणार. काकूंचं निदान तयार होतं. पंतांना मुक्ताची आठवण येते. मी हसले नाही. मालकांच्या निदानाला हसायचं नाही हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकले. पण चार महिन्यांनी अचानक आठवण का यावी, ते मला कळेना.

ठेवून घेतलं. कोमट पाण्यात बसवलं, पाणी पाजलं, दिव्याखाली ठेवलं. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी पंतांचं पोट साफ झालं आणि त्याच संध्याकाळी त्यांनी वाटीतला शेवग्याचा पाला संपवला, वर किडे खाल्ले. काकूंना फोन केला तर पलीकडून नुसतं देवाचं नाव ऐकू आलं. घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात परत हजर, थर्माकोलच्या डब्यातून, तीच तक्रार. पुन्हा ठेवलं, पुन्हा जेवले. पुन्हा घरी पाठवलं, पुन्हा बंद.

काकूंनी घरी काय काय करून बघितलं त्याची यादी द्यायची तर पान पुरणार नाही. लाल भोपळा किसून, कोथिंबीर निवडून, केळ्याचे काप करून. श्रावणात घरी कांदा-लसूणसुद्धा न आणणाऱ्या काकू रोज चिमट्याने जिवंत किडे उचलत होत्या. सोवळ्याचं काय, असं शेजारणीने विचारलं तर म्हणाल्या, त्यांना कुठे श्रावण. इतकं करून पंत ढिम्म.

तिसऱ्या खेपेला पंतांचं वजन बरंच उतरलेलं. शेपटीच्या बुडाशी हाडं दिसायला लागलेली. आणि त्याच सुमारास मला मुक्ताचा फोन आला. मुलगी समंजस, आवाज चढवणारी नाही. म्हणाली, डॉक्टर, गणपतीला मी घरी येतेय. तोपर्यंत तो घरी जेवायला लागला नाही तर मी त्याला कल्याणच्या मित्राकडे कायमचा देऊन टाकते. आईबाबांची धावपळ बघवत नाही, आणि तो मेला तर बाबा ते कधीच विसरणार नाहीत. तिचं चूक नव्हतं. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

तिने घरीही तेच सांगितलेलं. म्हणून काकू माझ्यासमोर रडत होत्या आणि काका टॉवेलची घडी घालत होते. पंतांनी शेवटचा किडा गिळला, ओठांवरून जीभ फिरवली. काकांनी टॉवेल ठेवला.

"डॉक्टर, स्पष्ट सांगा," ते म्हणाले. "पंतांना आमच्याकडे राहायचं नाहीये का?"

सरड्याला असं राहायचं-न राहायचं नसतं, हे सांगणं सोपं होतं. पण मग तो घरी का जेवत नाही, हे मला कुठे माहीत होतं. मी म्हटलं, पंतांना आज घरी न्या आणि मला थोडे दिवस द्या.

दुपारी जेवताना सरांनी विचारलं, "काय गो, तुझ्या सरड्याचं काय झालं?"

मी सगळं सांगितलं. रिपोर्ट दाखवायला लागले तर त्यांनी डबा पुढे ओढला आणि हाताने थांबवलं.

"हितं जेवतो?"

"हो."

"घरी नाय जेवत?"

"नाही."

"मग आजारी घर हाय, सरडा नाय. जाऊन बघून ये." आणि त्यांनी बोंबलाचं कालवण वाढून घेतलं.

राग आला मला. म्हशी तपासायला गोठ्यात जाणाऱ्या माणसाला हे सुचणारच, पण आम्हाला कॉलेजात टेबल, एक्स-रे आणि रिपोर्ट शिकवलेले. शिवाय घरची सगळी माहिती माझ्याकडे होतीच की, तापमानासकट. तरी सोमवारी क्लिनिक बंद असतं आणि दातारांचं घर माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. निघाले.

डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. दारातच काकूंनी सांगितलं की श्रावणी सोमवार आहे, साबुदाण्याची खिचडी केली आहे, खाल्ल्याशिवाय जायचं नाही. काका मुक्ताच्या खोलीत पेपर वाचत बसलेले, त्यांनी तिथूनच मला आत बोलावलं. आता ती पंतांची खोली होती. काचेची मोठी पेटी, आत दगड, लाकडाचा ओंडका, पाण्याची वाटी. काकांची आरामखुर्ची आणि पेपर शेजारीच. भिंतीवर नवा कोरा स्विचबोर्ड आणि प्रत्येक बटणाखाली काकांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी: पंखा, ट्यूबलाईट, पंत-ऊब, पंत-ऊन.

मुक्ताच्या वेळी हे दिवे एका टायमरवर चालायचे. टायमर म्हणजे ठरल्या वेळी दिवा आपोआप लावणारं, विझवणारं यंत्र. ऑनलाईन मागवलेलं, स्वस्तातलं. काकांनी ते पहिल्याच आठवड्यात काढून टाकलेलं. हात लावला तर गरम लागायचं, म्हणाले. असल्या वस्तूच्या भरवशावर घरात आग लागायची. त्यापेक्षा नीट वायरिंग करून बोर्डवर घेतलं, आपल्या हाताने लावायचे, आपल्या हाताने बंद करायचे. त्यात मला काहीच चूक दिसली नाही. काम तर असं केलेलं की वायरिंगवाल्या पोरांना आणून दाखवावं.

मी माझी बंदूक काढली. दगड चाळीस. सावली तीसच्या आत. ट्यूब नवी, योग्य उंचीवर. पंत दगडावर तोंड किंचित उघडं ठेवून बसलेले, म्हणजे चांगले तापलेले. ऊब पुरेशी झाली की हे प्राणी असं तोंड उघडतात. मी पेटीभोवती फिरले, आरसा आहे का बघितलं, कारण स्वतःचं प्रतिबिंब बघूनही ते बिथरतात. खिडकीत मांजर येतं का विचारलं. शेजारी काही तोडफोड, ड्रिलिंग? काही नाही. घरसुद्धा आजारी नव्हतं. आता काकांना काय सांगायचं, आणि उद्या सरांना काय सांगायचं, हे दोन्ही विचार एकदम डोक्यात.

तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, बोलत बसू नका, खिचडी गार होतेय. आम्ही निघालो. काका जुन्या वळणाचे. दारापाशी थांबून त्यांनी मला आधी जाऊ दिलं. ते मला सांगत होते की पूर्वी या भागात एकच ट्रान्सफॉर्मर होता आणि पावसाळ्यात तो कसा दगा द्यायचा. आणि माझ्या पाठीमागे आवाज आला. टक, टक, टक, टक.

मी वळून बघितलं. काकांचा तळवा बोर्डवरून खाली येत होता. चेहरा माझ्याकडे, बोलणं ट्रान्सफॉर्मरचं, त्यात खंडसुद्धा पडलेला नाही. मागे खोलीत अंधार. पावसाळी दिवस, खिडकीतून येणारा उजेड असून नसल्यासारखा.

अगदी ओठांवर आलेलं. पण मी गिळलं. एकदाच झालं असेल, पाहुणा आल्याच्या गडबडीत. म्हटलं, आधी खात्री करू. स्वयंपाकघरात बसून खिचडी खाल्ली. छान झालेली, पण लक्ष कुठे होतं. काका निवांत होते. खिचडीनंतर चहा, चहानंतर शेजारचे एक गृहस्थ सोसायटीच्या पंपाबद्दल विचारायला आले, ते अर्धा तास बसले. मी मोबाईल विसरल्याचं निमित्त करून मध्येच खोलीत जाऊन आले. दगड गार पडत चाललेला. पंतांनी तोंड मिटलेलं आणि अंग चोरून घेतलेलं.

शेजारी गेल्यावर आम्ही परत खोलीकडे आलो. या वेळी काका पुढे. उंबरठ्यावर पाऊल पडायच्या आधी त्यांचा हात बोर्डवर गेला होता. टक, टक, टक, टक. पंखा, ट्यूबलाईट, ऊब, ऊन. खोली झगमगली.

"बघा, कसे मजेत बसलेत," काका म्हणाले.

"काका, हे दिवे आत्ता कोणी लावले?"

"लावले? चालूच होते."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला ते कळत होतं. ते जेव्हा जेव्हा खोलीत असत तेव्हा दिवा चालू असे. बंदुकीने मोजत तेव्हा चालू, फोटो काढत तेव्हा चालू. सकाळी फिरायला जाताना, भाजीला जाताना, जेवायला, दुपारी झोपायला, संध्याकाळी कट्ट्यावर जाताना तो बंद होत असे, हे त्यांना कोण सांगणार. पंतांना अख्ख्या दिवसात जी काय ऊब मिळे ती काकांच्या पेपरवाचनापुरती.

उत्तर दारातून आलं. काकू कपबशा घेऊन उभ्या होत्या.

"चालू कुठे होते? तुम्हीच तर बंद केलेत, निघताना."

"मी?"

"रोजच करता."

"मग मला बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, त्यांच्या विश्रांतीची वेळ ठरवलेली असेल तुम्ही," काकू म्हणाल्या. "विजेचं तुम्हाला कळतं. त्यात मी काय बोलणार?"

काका आरामखुर्चीत बसले. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. लोडशेडिंगच्या काळात मंडळातर्फे ते सोसायट्यांमधून, शाळांमधून फिरायचे. सांगणं एकच, खोलीतून बाहेर पडताना बटणं बंद करा. लोकांना सांगायचं तर आधी आपल्या घरी पाहिजे. मुक्ता लहानपणी खेळायला खाली उतरली आणि खोलीतला पंखा चालू राहिलेला असला, तर तिला हाक मारून दोन जिने वर बोलवायचे. काकूंना देवघरातला बल्बसुद्धा विसरायची मुभा नव्हती. हात मग आपलं आपणच शिकत गेला. मुक्ता घरी असताना ती खोली तिची, बोर्डला हात लावायची कोणाची टाप नव्हती, शिवाय टायमर होता. म्हणून तेव्हा पंतांचं बिघडलं नाही.

चार महिने कसे निघाले, हे आता माझ्याही डोक्यात उजाडलं. एप्रिल-मेमध्ये डोंबिवलीतली खोली दिव्याशिवायही तापलेली असते. पंत त्या उकाड्यावर जेवत होते. पावसाळा नीट लागला, हवा गार झाली, आणि मग दिव्याची खरी गरज लागली.

मी हे समजावून सांगत असताना काका पंतांकडेच बघत होते. "म्हणजे मी त्यांना रोज जेवायला वाढत होतो," ते हळू म्हणाले, "आणि पोटातला अग्नी विझवून बाहेर जात होतो."

"तुम्हाला माहीत नव्हतं, काका."

"तेच वाईट वाटतंय. मला माहीत नव्हतं, आणि मी तर सगळ्यांना सांगत होतो की मला सगळं माहीत आहे."

त्यांचे डोळे भरून आले. मला खरंच वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी पोटातून हसूही येत होतं. आयुष्यभर शहराला वीज पुरवलेल्या माणसाने घरातल्या एका सरड्याचं लोडशेडिंग केलेलं. मी ओठ दाबून धरले. पण काकूंना जमलं नाही. त्यांनी कपबशा टेबलावर ठेवल्या आणि ज्या हसायला लागल्या, त्या थांबेचनात. काकांनी आधी रागाने बघितलं, मग तेही हसले, आणि मग माझीही सुटका झाली. पंत एक डोळा उघडून आमच्याकडे बघत होते.

त्यानंतर काका जागचे उठले ते सरळ मेन स्विच बंद करायला. टेस्टर, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर. बोर्डवरची पंत-ऊब आणि पंत-ऊन ही दोन बटणं त्यांनी काढूनच टाकली, जागेवर कोऱ्या पट्ट्या बसवल्या. दिव्यांची लाईन सरळ टायमरला. टायमर यावेळी कारखान्यात वापरतात तसला दणकट, तो ते स्वतः जाऊन कल्याणहून घेऊन आले. मला संध्याकाळी फोन करून त्याची सगळी माहिती सांगितली. मी ऐकून घेतली. त्या दिवशी मी काहीही ऐकून घेतलं असतं.

बटणं गेली तरी हात गेला नव्हता. काकू सांगत होत्या, पुढचे कितीतरी दिवस खोलीतून निघताना काकांचा तळवा त्या कोऱ्या पट्ट्यांवरून खाली यायचा. पट्ट्यांवर बोटांचे डाग पडले. पण दिवा चालू राहायचा.

पंत तिसऱ्या दिवशी जेवले. काकूंनी व्हिडिओ पाठवला. त्यात पंत भोपळा खातायत आणि मागून काकांचा आवाज, सावकाश, सावकाश, कोणी मागे लागलं नाहीये. मी तो सरांना दाखवला. सरांनी संपूर्ण बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गणपतीला मुक्ता आली. कल्याणच्या मित्राला तिने सांगून ठेवलेलं, तो दुसऱ्या दिवशी पंतांना न्यायला येणार होता. व्हिडिओवर तिचा विश्वास नव्हता. आई मला बरं वाटावं म्हणून जुने व्हिडिओ पाठवतेय, असं तिला वाटत होतं. काकांनी तिला आल्या आल्या सगळं सांगितलं, स्वतःहून, बटणांसकट. मग तिला खोलीत बसवलं आणि पंतांना आपल्या हाताने किडा भरवला. चिमट्याने नाही, बोटांनी. मुक्ताने मित्राला तिथूनच फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. हे मला तिनेच कळवलं. म्हणाली, डॉक्टर, बाबा कधी झुरळालासुद्धा हात लावायचे नाहीत.

पुढच्या वर्षी तिने बेंगळुरूत फ्लॅट भाड्याने घेतला आणि पंतांना घेऊन जायचं ठरवलं. तेव्हा तिचा पुन्हा फोन आला, जरा वैतागून. बाबा म्हणतात बेंगळुरूची हवा थंड आहे, पंतांना सोसणार नाही, तुम्हीच त्यांना समजावा. मी क्षणभर विचार केला. मग डॉक्टर म्हणून माझं मत दिलं, की बेंगळुरूची हवा खरोखरच थंड असते. पंत अजून डोंबिवलीत आहेत.

मला यातून एकच गोष्ट कळली, ती सांगते. माणसं डॉक्टरला खोटं सांगत नाहीत. जे करतो असं त्यांना वाटतं तेच सांगतात. त्यामुळे आता कोणी जेवत नसलेला सरडा, कासव, काहीही घेऊन आलं की मी प्रश्न थोडे विचारते आणि घरी जाते. तिथे म्हणते, आपण जरा बाहेरच्या खोलीत बसू. लोक उठतात, बोलत बोलत दाराकडे निघतात, आणि मी त्यांच्या हातांकडे बघत मागून जाते.